डेरेकच्या हलक्या गोळ्या

आमच्या घरात संशयाला वाईट गुण मानत नसत. बाबा इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या एका बिझनेस पार्कमध्ये सॉफ्टवेअर टेस्टर होते. दुसऱ्याच्या कामात चूक असणारच असं धरून चालायचं आणि ती सापडेपर्यंत हटायचं नाही, याचाच त्यांना पगार मिळायचा. आई नागपूरच्या इतवारीतल्या सोनाराची मुलगी. तिच्या माहेरी माणसाच्या शब्दापेक्षा काट्यावर भरवसा, आणि काट्यावरसुद्धा दोनदा तोलून झाल्यावर. अशा दोघांच्या पोटी जन्म घेतल्यावर मी वेगळी कुठून होणार? शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला, तर बाबा आधी बसचं टाइमटेबल उघडून बघायचे आणि मग मला विचारायचे. विचारताना त्यांना उत्तर माहीत असायचं. मी आजही दुकानात दुधाची बाटली घेताना रॅकच्या आतपर्यंत हात घालून मागची काढते. नवरा लाजून दुसऱ्या रांगेत जातो.

घर लहान होतं, एकाला एक चिकटून उभ्या असलेल्या घरांतलं. भिंतीपलीकडची वॉशिंग मशीन फिरायला लागली की आमच्या मांडणीवरच्या वाट्या वाजायच्या. दूरवरून मोटरवेची घरघर सतत यायची, आणि तिची इतकी सवय झाली होती की सुट्टीत नागपूरला गेलं की मला पहिले दोन दिवस कानात दडे बसल्यासारखं वाटायचं. रविवारी सकाळी आई मसाला भाजायची. दगडफूल, खसखस, सुकं खोबरं, शहाजिरे, सगळं काळपट होईपर्यंत. स्वयंपाकघराचा पंखा त्या धुरापुढे कधीच हात टेकायचा, मग पुढची-मागची दोन्ही दारं उघडायची, आणि तो वास रस्ताभर जायचा. त्या वासामागूनच डेरेक आमच्या घरात आला.

डेरेक आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचा. बस डेपोतला मेकॅनिक, निवृत्त झालेला, एकटा. गावाबाहेर रॉबर्ट नावाच्या शेतकऱ्याची जमीन होती. तिथली हरणं रोपं खाऊन टाकायची, म्हणून त्यांची संख्या आटोक्यात ठेवायचं काम डेरेक तीस वर्षं करत होता. पगार नाही, काही नाही. पहाटे जायचं, वाऱ्याची दिशा बघत बसायचं, आणि मिळालेल्या हरणातलं थोडं घरी आणायचं. एका रविवारी तो दारात उभा राहिला, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली हरणाची तंगडी, आणि म्हणाला, तुमच्याकडे जे काही शिजतंय त्यात हे घालून बघा. (तो अर्थात इंग्रजीत बोलायचा, मी मराठीत लिहिते आहे.) आईनं सावजी रस्सा केला. डेरेक जेवायला बसला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहत होतं, आणि तो पुन्हा पुन्हा वाटी पुढे करत होता. बाबा त्याच्याकडे बघत मला हळूच म्हणाले, "कायले इतकं गोड वागून राहिला हा? नक्की काही काम असंल."

काम काहीच नव्हतं. पुढच्या दोन वर्षांत डेरेकनं बाबांना हरणाचे माग ओळखायला शिकवलं, रायफल कशी धरायची ते शिकवलं, रॉबर्टकडे शब्द टाकला. बाबांनी रायफल बाळगण्याच्या सर्टिफिकेटसाठी अर्ज केला तेव्हा पोलिसांना ओळखीच्या माणसांची नावं द्यावी लागली, त्यातलं एक डेरेकचं. पोलीस घरी येऊन भिंतीत ठोकलेलं लोखंडी कपाट हलवून बघून गेले. आई त्यांना चहा द्यायला पुढे झाली तर बाबांनी डोळ्यांनी खुणावलं, नको, लाच वाटेल. मग रायफल आली. नागपूरच्या नातेवाइकांना आम्ही हे कधीच कळू दिलं नाही.

मी सतरा वर्षांची झाले तेव्हा माझ्याही नावाचं सर्टिफिकेट आलं. माझा त्रास वेगळा होता. चाप ओढायच्या आधीच मी डोळे मिटायची, कारण रायफलीचा दस्ता खांद्यावर आदळेल याची धास्ती. डेरेकनं ते पहिल्याच दिवशी ओळखलं. तो म्हणाला, हिला हलक्या गोळ्या देऊ, धक्का कमी बसेल. तो काडतुसं घरीच भरायचा, शेडमध्ये, चष्मा कपाळावर ढकलून. हलक्या गोळीचे नखरे असतात असं त्यानं मला सांगितलं. नळीच्या आत आटे असतात, त्यांचा पीळ प्रत्येक रायफलीत वेगळा, आणि हलकी गोळी तो पीळ मानेलच असं नाही. काडतुसात ती किती खोल बसवायची तेही केसाकेसानं बदलून बघावं लागतं. म्हणून त्यानं वीस-वीस काडतुसांच्या पुड्या केल्या, प्रत्येकीवर वेगळ्या रंगाची खूण, आणि म्हणाला, कुठल्या रंगाचा ग्रुप चांगला येतो ते कळवा.

ग्रुप म्हणजे शंभर यार्डांवरच्या कागदावर तीन गोळ्या झाडायच्या आणि तीन भोकं एकमेकांच्या किती जवळ पडतात ते बघायचं. जुन्या जड गोळ्यांनी बाबांच्या रायफलीचा ग्रुप नाण्याखाली झाकला जायचा. बाबा ते कागद फाइलमध्ये लावून ठेवत. हरणाच्या बाबतीत ही नुसती हौस नसते. भोकं जवळ पडत नसतील, तर गोळी छातीऐवजी पोटात जाते आणि जनावर जखमी होऊन झाडीत नाहीसं होतं. असं एकदा जरी झालं तरी रॉबर्ट पुन्हा शेतात पाऊल टाकू देणार नाही, हे डेरेकला, बाबांना आणि मला, तिघांनाही माहीत होतं.

हलक्या गोळ्या आल्या त्याच आठवड्यात खंडेनवमी होती. आई त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं-अवजारं पाटावर मांडायची: विळी, कात्री, माहेरून आणलेला पितळी काटा, बाबांचा लॅपटॉप. त्या वर्षी रायफलही मांडली. बाबांनी स्वतः कपाट उघडून ती आणली, मागचा बोल्ट काढून खिशात ठेवला, त्याशिवाय ती उडत नाही, आणि पूजा होईपर्यंत शेजारीच बसून राहिले. गार्डन सेंटरमधून आणलेली झेंडूची फुलं, लाकडी दस्त्यावर हळदीकुंकवाचं बोट. अक्षता माझ्या हातात होत्या, भंडाऱ्याच्या बारीक चिन्नोर तांदळाच्या, कुंकू आणि तुपाचं बोट लावलेल्या. बाबा म्हणाले, "दोन दाणे टाक फक्त. लांबून." मी लग्नात टाकतात तशी मूठभर उधळली. आई हसली. बाबांनी फडक्यानं रायफल पुसली आणि कपाटात ठेवून दिली.

शनिवारी आम्ही रॉबर्टच्या शेतात, मागे मातीचा उंच बांध असलेल्या कोपऱ्यात कागद लावला. निळ्या खुणेची काडतुसं: भोकं बशीएवढ्या जागेत विखुरलेली. हिरवी: तसंच. लाल: एक भोक कागदाच्या कडेला. बाबांनी मला उठवलं, स्वतः झाडून बघितलं. तेच. त्या दिवसापासून आमच्या घरात चौकशी सुरू झाली.

बाबांनी वही काढली. रायफलीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू तपासले, वारा लिहिला, थंडी लिहिली, नळी किती गरम झाली ते हात लावून लिहिलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम, आणि तो ते मला जेवताना ऐकवायचे. त्यांच्या यादीत एकोणीस गोष्टी होत्या. खंडेनवमीची पूजा त्या यादीत नव्हती. देवाचं केलेलं ते बदल म्हणून धरतच नव्हते, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मीही धरलं नव्हतं. जुन्या जड गोळ्या झाडून बघितल्या असत्या तर उलगडा झाला असता, पण त्या संपल्या होत्या आणि दुकानदाराकडे नवीन माल आला नव्हता. "जुन्या संपेपर्यंत थांबला बघ तो," बाबा म्हणाले.

"कोण?" आईनं विचारलं.

"डेरेक. अगं, सिम्पल आहे. रॉबर्ट आजकाल फोन कोणाला करतो? मला. डेरेकचे हात थरथरतात, त्याचं एज झालं. आता मी एक हरीण इंजर केलं की माझी परमिशन कॅन्सल. शेत पुन्हा त्याचं."

"अहो, काहीतरीच काय. त्यानं तुमच्यासाठी पोलिसांना रेफरन्स दिला."

"म्हणूनच तर कोणी डाऊट घेणार नाही."

हे बोलून झालं की ते माझ्याकडे वळायचे. "मिनू, खरं सांग. रायफल पाडलीस का कुठे? गेटवर आपटली?" मी नाही म्हणायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा, वेगळ्या शब्दांत, टोस्टला बटर लावता लावता. तिसऱ्या दिवशी आईच्या देखत. मी पाडली नव्हती, पण दोन आठवडे रोज विचारल्यावर मला स्वतःचाच भरवसा वाटेनासा झाला. गेट कुठल्या हातानं उघडलं होतं, ते मी अंथरुणात पडून आठवत बसायची.

शेवटी आईनं काटा काढला. बाबांनी हातोडीसारख्या हत्यारानं ठोकून सहा काडतुसांतल्या गोळ्या मोकळ्या केल्या, आणि आईनं प्रत्येकीचं वजन आणि आतल्या दारूचं वजन वेगवेगळं तोललं. श्वाससुद्धा ती बाजूला तोंड करून घ्यायची. एका तासानं तिनं चष्मा काढला.

"सहाच्या सहा सारख्या. आमच्या दुकानात इतकं नेमकं तोलणारा एकच कारागीर होता. हा माणूस लबाडी करणारा नाही."

बाबांनी ते सहा ढीग बोटानं एका रांगेत सरकवले. "लबाडी करणाराच इतकं नेमकं तोलतो," ते म्हणाले.

त्यानंतरच्या शुक्रवारी संध्याकाळी बाबा जेवणाच्या टेबलावर हेडफोन लावून ऑफिसच्या कॉलवर होते आणि मी त्यांच्यासमोरच रायफल पुसत होते. डेरेकनं मला पहिल्या दिवशी शिकवलेली एक गोष्ट होती. नळी लाकडी दस्त्याला पुढे कुठेही टेकता कामा नये, ती मोकळी हवी, नाहीतर गोळी सुटताना ती प्रत्येक वेळी वेगळी थरथरते. कागदाची पट्टी नळीखालून पुढून मागे सरकवून बघायची. डेरेकनं हे बाबांनाही सांगितलं होतं. बाबांनी ते एका कानानं ऐकून सोडून दिलं होतं, कारण सांगणारा डेरेक होता. मी शाळेच्या वहीचं पान फाडलं, दुमडलं, आत सरकवलं. वीतभर गेलं आणि अडकलं.

काडी घालून मी आत अडकलेलं खरवडून काढलं. तळहातावर आला तो एक तांबडा तांदूळ, तुपानं घट्ट झालेला, एका बाजूनं चेपलेला.

मला त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता. मी घाबरले. दोन आठवडे मी शपथा घेऊन सांगत होते की माझ्या हातून काही झालं नाही, आणि आता माझीच मूठ होती. बाबा म्हणणार, लांबून टाक म्हटलं होतं. बाबा म्हणणार, तेव्हापासून तुला माहीत होतं. हे दुसरं वाक्य मला अगदी त्यांच्या आवाजात ऐकू आलं. मी उठले, दाणा सिंकमध्ये टाकला आणि नळ सोडला. उद्या ग्रुप चांगला आला की सगळे खुशीत असतील, तेव्हा सांगू, असं मनाशी ठरवलं. समोर बाबा कॉलवर कोणाला तरी म्हणत होते, नो, आय डोन्ट ट्रस्ट दॅट रिझल्ट.

शनिवारी मला वाटलं होतं, आपण आधी झाडू. पण बाबांनी डेरेकला मुद्दाम बोलावलं होतं, रॉबर्टही ट्रॅक्टर थांबवून बघायला आला होता. बाबांनी आमच्यातली उरलेली लाल खुणेची तीन काडतुसं डेरेकपुढे धरली. "तुझ्या रायफलीतून झाडून दाखव." डेरेकला गंमत वाटली असावी. तो गुडघे धरत सावकाश खाली झोपला, आणि त्याच्या त्या थरथरत्या हातांनी तीन गोळ्या अशा झाडल्या की भोकं एकमेकांना चिकटून पडली.

मला वाटलं, झालं, आता तरी बाबांना पटेल. बाबांचा चेहरा मात्र खटला जिंकल्यासारखा झाला. "बघितलंत?" ते रॉबर्टकडे वळून म्हणाले. "याच्या रायफलीत बरोबर, माझ्या रायफलीत चूक. या गोळ्या त्यानं तशा भरल्या आहेत. मी हरीण जखमी करावं आणि तुम्ही मला काढावं म्हणून."

डेरेक अजून जमिनीवरच होता. त्यानं आधी बाबांकडे बघितलं, मग रॉबर्टकडे. रॉबर्ट बुटाच्या टाचेनं माती उकरत राहिला. मग डेरेकनं माझ्याकडे बघितलं. मी तिथं होते, चार पावलांवर. एक वाक्य बोलायचं होतं. मी कागदावरच्या त्या तीन भोकांकडे बघत उभी राहिले.

डेरेक उठला, त्याला वेळ लागला. त्यानं आपली रिकामी काडतुसं वेचून खिशात टाकली, येताना आणलेली एक नवी डबी आमच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि म्हणाला, यात गोळी थोडी आत बसवली आहे, मुलीला बरी पडेल. मग रॉबर्टला म्हणाला, तीस वर्षं पुरे झाली, शेत आता याच्याकडे दे. आणि तो चालत गेला. त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला.

बाबांनी त्या नव्या डबीतली तीन काडतुसं आमच्या रायफलीतून झाडली. तीन भोकं, एका नाण्याखाली. "आता कशी सुधारली?" ते मला म्हणाले. "पकडला गेला तसा लगेच बरोबर माल देऊन गेला."

उरलेली निळी-हिरवी काडतुसं त्यांनी पुरावा म्हणून कपाटात ठेवली. ती कधी झाडलीच नाहीत. मला मात्र रोज भीती वाटायची, की आज काढतील, झाडतील, भोकं चिकटून पडतील, आणि मग ते वळून माझ्याकडे बघतील. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामाची दोनदोनदा तपासणी करणारा माणूस, पण मनासारखं उत्तर मिळाल्यावर त्यांनी पुन्हा तपासलं नाही. त्या हिवाळ्यात मी माझं पहिलं हरीण मारलं, डेरेकच्या डबीतल्या गोळीनं. आईनं रस्सा केला. बाबा म्हणाले, मिनूनं नाव काढलं. मी माझी वाटी त्यांच्यापुढे सरकवली.

मार्चमध्ये मी एकदा डेरेककडे गेले. तो बागेत गुलाबाची छाटणी करत होता. मी फाटकाबाहेर उभी राहून सगळं सांगितलं, तांदूळ, कागदाची पट्टी, सिंक. त्यानं कात्री थांबवली नाही. माझं बोलून झाल्यावर विचारलं, "बापाला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतेस? मला माहीत होतं की गोळ्या बरोबर आहेत."

तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. मी घरी आले आणि बाबांना काहीच सांगितलं नाही. पुढच्या वर्षी मी केंब्रिजला शिकायला गेले, आणि मग सांगण्यासारखी वेळ कधी आलीच नाही, असं मी स्वतःला सांगत आले.

आता बाबा वॉटफर्डला माझ्याकडे असतात. आई नाही, डेरेकही नाही, त्याच्या जाण्याचं मला एका जुन्या शेजारणीच्या मेसेजवरून कळलं. रायफल कधीच विकली. राहिली आहे ती फक्त गोष्ट, आणि ती बाबा पाहुण्यांना सांगतात. गेल्या रविवारी माझ्या मुलीनं, इरानं, तिच्या मित्राला जेवायला बोलावलं होतं. "आजोबा, तो स्टोरी सांगा ना, द बुलेट वन," ती म्हणाली, आणि बाबा खुर्चीत सरसावून बसले. एकोणीस मुद्दे, आईचा काटा, सहा सारखे ढीग, शेवटी पकडला गेलेला इंग्रज. गोष्ट वर्षागणिक चांगली जमत आली आहे. त्यात डेरेक खाली मान घालून निघून जातो.

इरा हसली. तिचा मित्र हसला. मी हातातलं ताट टेबलावर ठेवलं.

"बाबा, गोळ्या बरोबर होत्या. नळीखाली अक्षतेचा दाणा अडकला होता, खंडेनवमीचा. मी टाकला होता. आदल्या दिवशी मीच काढला आणि तुम्हाला बोलले नाही. डेरेकनं काहीही केलं नव्हतं."

बाबांनी मान माझ्याकडे वळवली. आता त्यांना कमी दिसतं, पण टेस्टरची ती नजर अजून तशीच आहे. इरानं माझ्या हाताला हात लावला. मला वाटलं, ते ओरडतील, नाहीतर रडतील, आणि दोन्हीला मी तयार होते.

"त्यानंतर डेरेक भेटला होता तुला?" त्यांनी शांतपणे विचारलं.

आता खोटं बोलायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. "हो. एकदा. मीच गेले होते त्याच्या घरी."

बाबांनी मान हलवली, सावकाश, दोनदा. त्यांच्या चेहऱ्यावर मला पश्चात्ताप दिसेल म्हणून मी बघत होते, आणि तिथं हळूहळू समाधान उतरत गेलं.

"तरीच," ते इराच्या मित्राला म्हणाले. "माझ्या पोरीपर्यंत पोचला होता. आणि मला आज कळून राहिलं."